हलक्या चाकाचा जड इतिहास

बेळगावाहून चोर्ला किंवा आंबोली घाटाने खाली उतरणाऱ्या जुन्या पिढीतील ट्रकचालकांचे खांदे आणि मनगटे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना गाडी वळविणे हे एके काळी किती कष्टाचे काम होते हे वेगळे सांगावयास नको. अवघड वळणावर चालक जागेवरून अर्धवट उठत असे, अंगाचा सारा भार समोरच्या मोठ्या चाकावर टाकीत असे, तेव्हा कुठे गाडीचे तोंड वळे. आज त्याच घाटातून कॉलेजात जाणारी मुलगी वडिलांची मोटार अगदी सहजपणे वळवून नेते. तिचा दंड काही त्या ट्रकचालकाहून बळकट नाही. मधल्या काळात माणसाच्या हाताला एक मदतनीस मिळाला. त्याला आपण सर्वजण पॉवर स्टिअरिंग म्हणतो.

नाव मोठे आहे, पण थोडे फसवे आहे. त्यात सत्तेचा वास येतो. वास्तविक हे यंत्र धनी नव्हे, चाकर आहे. धन्याने जेवढे सांगितले तेवढेच करावयाचे, धनी थांबला की थांबावयाचे, आणि एखादे दिवशी आपण कामावर आलो नाही तरी धन्याचे काम अडू द्यावयाचे नाही, अशी त्याची शिस्त आहे. ही शिस्त लावण्यासाठी माणसाने जवळजवळ शतकभर डोके चालविले. तो इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला जुन्या गाडीचे हे यंत्र घरच्या अंगणात दुरुस्त करणे सोपे जाते, आणि जो ते हाताने दुरुस्त करतो त्याला इतिहास अधिक कळतो, असे माझे मत आहे. हा लेख त्या दोन्हींविषयी आहे.

आधी चाक जड का होते ते पाहू. मोटारीचे पुढचे वजन दोन टायरांवर असते आणि टायर जमिनीला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. गाडी चालत असताना ती जागा सतत बदलते, त्यामुळे वळविणे सोपे जाते. गाडी उभी असताना मात्र तेवढे रबर जमिनीवर घासून फिरवावे लागते. म्हणून गाडी उभी करताना चाक सर्वांत जड लागते. मोटारीच्या बाल्यावस्थेत वळविण्यासाठी चाक नव्हतेच. होडीच्या वल्ह्यासारखा एक दांडा असे. १८९४ साली पॅरिस ते रूआँ ही मोटारींची प्रसिद्ध स्पर्धा झाली, तीत आल्फ्रेड वाशरों याने आपल्या पानार गाडीला गोल चाक बसविले होते. गोल चाकाचा फायदा असा, की मधल्या दातेरी रचनेमुळे थोड्या बळात मोठे काम होते. पण निसर्ग कुणाला फुकट काही देत नाही. बळात जेवढे वाचते तेवढे अंतरात मोजावे लागते. विहिरीवर अधिक कप्प्या लावल्या तर घागर हलकी लागते, पण दोर अधिक ओढावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. चाक हलके करावे तर ते चार-पाच वेळा गरागरा फिरवावे लागे, आणि कमी फेऱ्यांत वळवावे तर ते जड होई. पहिल्या महायुद्धानंतर कमी हवेचे, रुंद आणि मऊ टायर आले. गादीवर बसल्यासारखा प्रवास होऊ लागला, पण तेच टायर जमिनीला अधिक चिकटू लागले आणि चाक आणखी जड झाले. दातेरी चक्रांच्या युक्तीची मर्यादा संपली होती. बाहेरून बळ आणणे भाग होते.

हे बळ कसे आणावे याचे उत्तर जमिनीवर नव्हे, समुद्रावर सापडले होते. सुकाणू हा शब्द आपण आज पुढाऱ्यांच्या संदर्भात अधिक वापरतो, पण तो मुळात जहाजाचा. ब्रूनेल या ब्रिटिश अभियंत्याने आखलेले ‘ग्रेट ईस्टर्न’ हे जहाज १८५८ साली पाण्यात उतरले. लांबी ६९२ फूट. एवढ्या अवाढव्य जहाजाचे सुकाणू वादळात फिरवावयाचे म्हणजे माणसांची फौज चाकाला लावावी लागे. १८६६ साली जॉन मॅकफार्लेन ग्रे याने वाफेवर चालणाऱ्या सुकाणूयंत्राचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी ते या जहाजावर बसले. त्यातली खुबी केवळ वाफेच्या बळात नव्हती. बळ तर बैलातही असते. खुबी अशी होती, की सुकाण्याने चाक जेवढे फिरविले तेवढेच सुकाणू वळे आणि वळता वळता ते स्वतःच वाफेची झडप बंद करी. म्हणजे यंत्र आज्ञा ऐके, ती पुरी झाली की नाही हे स्वतः तपाशी, आणि मग थांबे. फ्रान्समध्ये जोसेफ फार्को याने त्याच सुमारास अशाच तत्त्वावर काम केले आणि १८७३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याने या यंत्राला ‘सर्व्हो-मोतर’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘सर्व्हुस’ म्हणजे दास. आजच्या विमानापासून यंत्रमानवापर्यंत सर्वत्र वावरणारा ‘सर्व्हो’ हा शब्द तिथून आला. चाकराची उपमा मी वर वापरली ती माझी नाही. यंत्राच्या नामकरणातच ती आहे.

जहाजावर जागा भरपूर आणि बॉयलर जवळच असतो. हीच युक्ती मोटारीच्या टोपणाखाली कशी बसवावी, हा प्रश्न पुढची पन्नासेक वर्षे अनुत्तरित राहिला. तो सोडविणाऱ्या माणसाचे नाव फ्रान्सिस डेव्हिस. जन्म १८८७, फिलाडेल्फियातला. हार्वर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकून तो पिअर्स-ॲरो या मोठ्या मोटार कारखान्यात कामाला लागला. तिथे त्याचा संबंध अवजड ट्रकांशी आला आणि ते वळविताना चालकांची होणारी दमछाक त्याने जवळून पाहिली. १९२२ साली त्याने ती चांगली नोकरी सोडली आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थम या गावी एक लहानसा कारखाना भाड्याने घेतला. सोबतीला जॉर्ज जेसप नावाचा एक कसबी हत्यारकारागीर होता. एक शिकलेला अभियंता आणि एक हाताचा कारागीर, एवढेच ते मनुष्यबळ.

डेव्हिसपुढचा खरा पेच गळतीचा होता. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या त्या काळच्या बहुतेक यंत्रांत दाबाखाली तेल साठवून ठेवीत आणि हवे तेव्हा झडप उघडून वापरीत. असा साठा सतत दाबात राहिला की सांध्यासांध्यातून तेल झिरपते. डेव्हिसने हा विचारच उलटा केला. त्याच्या यंत्रात झडप एरवी उघडीच असते. पंप तेल ढकलतो, ते झडपेतून मोकळे वाहते आणि परत डब्यात येते. दाब जवळजवळ नसतोच. चालकाने चाक फिरविले की झडप एका बाजूची वाट आवळते, मग तेथे दाब तयार होतो आणि तो दट्ट्याला ढकलतो. चाक फिरविणे थांबले की वाट पुन्हा मोकळी.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून देण्यास परदेशी उदाहरण नको. उसाला पाणी देणारा माणूस दारे धरतो, ते आठवावे. पाटात पाणी वाहतच असते. तो फक्त खोऱ्याने एक दार मोडतो, दुसरे बांधतो, आणि पाणी हव्या त्या सरीत जाते. पाण्याचे बळ मोटेचे किंवा पंपाचे, पण पाणी कुठे जाणार हे ठरविणारा हात त्या माणसाचा. डेव्हिसची झडप म्हणजे असे दार धरणेच होय. पुढे या झडपेत पोलादाची एक बारीक कांडी आली. चालकाने चाक फिरविले की टायरांच्या अडवणुकीमुळे ती किंचित पिळली जाते. जेवढा पीळ तेवढी वाट आवळते, आणि तेवढी मदत मिळते. धन्याला किती जड जाते आहे हे चाकराला त्या पिळावरून कळते, असे म्हणावयास हरकत नाही.

१९२६ साली डेव्हिसने आपले यंत्र एका १९२१ च्या पिअर्स-ॲरो गाडीवर बसवून डेट्रॉइट गाठले आणि तिथल्या जाणकारांना ती गाडी चालवून दाखविली. जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला. कॅडिलॅक गाडीवर ते बसेल अशी चिन्हे होती. पण तेवढ्यात १९२९ ची जागतिक मंदी आली. महागड्या गाड्यांचे गिऱ्हाईक आटले आणि १९३४ साली खर्च परवडत नाही म्हणून कंपनीने तो बेत सोडून दिला. १९३६ साली डेव्हिसने बेंडिक्स या कंपनीशी करार केला, तरीही रस्त्यावरच्या सामान्य माणसाला त्याचा लाभ झाला नाही. ज्याला शांततेत गिऱ्हाईक मिळाले नाही त्याला युद्धात मिळाले. दुसऱ्या महायुद्धातील चिलखती गाड्या इतक्या जड होत्या, की त्या मनुष्यबळाने वळविणे दुरापास्त होते. ब्रिटिश सैन्यासाठी अमेरिकेत बनलेल्या चिलखती गाड्यांवर डेव्हिसचे यंत्र बसले आणि युद्ध संपेपर्यंत हजारो लष्करी वाहनांत ते पोहोचले.

युद्धानंतर १९५१ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या इंपीरियल गाडीवर ‘हायड्रागाइड’ या नावाने पॉवर स्टिअरिंग विकावयास काढले. त्यामागे डेव्हिसच्या ज्या पेटंटांची मुदत संपली होती त्यांचाच आधार होता. हे पाहून जनरल मोटर्सला जाग आली. तिने पुन्हा डेव्हिसकडे धाव घेतली आणि १९५२ पासून कॅडिलॅकवर हे यंत्र मिळू लागले. गाडी दाखविल्यापासून बाजारात येईपर्यंत पंचवीस वर्षे गेली होती. तरुणपणी पाहिलेले स्वप्न त्याने साठी उलटल्यावर दुकानात मांडलेले पाहिले. १९५५ साली फ्रान्सच्या सित्रोएन डीएस गाडीने युरोपातही ही सोय लोकप्रिय करण्याची वाट दाखविली. डेव्हिस १९७८ पर्यंत जगला. आपल्या शोधाने जगाचे चाक हलके झालेले त्याने पाहिले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आपल्या देशात या गोष्टीला यावयास आणखी वेळ लागला. स्वातंत्र्यानंतर आपल्या रस्त्यांवर मोजक्याच मोटारी होत्या. ॲम्बॅसडर, फिएट, आणि १९८३ पासून मारुती. गिऱ्हाईकच नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत असल्यामुळे त्याच्या खांद्याची काळजी करण्याचे उत्पादकाला कारण नव्हते. मारुती ८०० मुळातच एवढी हलकी होती की तिला मदतनिसाची गरज भासली नाही. गरज होती ती ट्रक-बसच्या चालकांना, आणि हे यंत्र आपल्याकडे आधी रुजले तेही अवजड वाहनांवरच. १९८१ साली झेडएफ स्टिअरिंग गिअर ही कंपनी जर्मन सहकार्याने स्थापन झाली. तिचा कारखाना पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुक येथे उभा राहिला. संभाजी महाराजांची समाधी म्हणून जे गाव प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, त्याच गावच्या शिवारात हजारो ट्रकचालकांच्या खांद्यांवरचा भार उतरविणारी यंत्रे तयार झाली, हे फार थोड्यांना माहीत असते. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर एस्टीम, सिएलो, होंडा सिटी अशा गाड्या आल्या आणि मध्यमवर्गीय घरात पॉवर स्टिअरिंग हा शब्द शिरला. सुरुवातीला ती मिरविण्याची वस्तू होती. गाडीच्या मागच्या काचेवर त्याची पट्टी झळके.

बेळगावकरांना तर या विषयाशी आणखी एक नाते सांगता येईल. उद्यमबागेतील फाउंड्र्या आणि तेलाच्या दाबावर चालणारे पंप व झडपा बनविणारे कारखाने यांनी आपल्या शहराचे नाव देशभर नेले. बीड ओतणे, ते कातणे, हजारांश भागापर्यंत माप धरणे, सील बसविणे ही विद्या आपल्या मुलांनी या परिसरात आत्मसात केली. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांत ती शिकविली गेली आणि दोन्ही भाषांत ती बोलली जाते. डेव्हिस व जेसप यांच्या वॉल्थममधल्या भाड्याच्या खोलीत जे चालले होते, त्याच जातीचे काम इथे घरोघरची माणसे करीत आली आहेत. तेव्हा हे यंत्र आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

आता अंगणात येऊ. वीस-पंचवीस वर्षांची, तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगची गाडी आजही अनेक घरांत आहे. आमच्या एका शिक्षकमित्राकडे अशी एस्टीम आहे. तिचे उत्पादन २००७ सालीच थांबले. मागे एकदा तिचे चाक जड होऊन कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. एका गॅरेजने संपूर्ण यंत्र बदलावे लागेल म्हणून मोठा आकडा सांगितला. मित्र हिरमुसला. तेव्हा आमच्या ओळखीच्या एका जुन्या उस्तादांना बोलावले. ते आले, बोनेट उघडण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “सर, आधी टायरात हवा किती हाय बघूया की. मग तेल. मग पट्टा. यंत्राला हात शेवटी.” साऱ्या विद्येचे सार या चार वाक्यांत आहे. खर्चिक शंका शेवटी घ्यावी, बिनखर्चाची आधी.

पुढच्या टायरांत हवा कमी असेल तर कोणतेही चाक जडच लागणार. हवा ठीक असेल तर तेलाचा डबा पाहावा. तेल खुणेच्या खाली असेल तर ते कुठे तरी जाते आहे, कारण बंद वाटेतले तेल आपोआप संपत नाही. तेलावर फेस असेल, ते दुधाळ दिसत असेल, तर आत हवा शिरली आहे. कण्हण्याचा आवाज बहुधा त्याचाच असतो. काळे आणि जळका वास येणारे तेल म्हणजे ते जुने होऊन सीलांचा व धातूचा चुरा त्यात उतरला आहे. आपल्या भागातल्या वाचकांसाठी एक खूण सांगतो. कानडीत ‘गाळी’ म्हणजे हवा आणि मराठीत ‘गाळ’ म्हणजे गाळच. या यंत्राचे हे दोन वैरी. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाला ते विसरता येणार नाहीत.

वळविताना चाक किंचाळल्यासारखे ओरडत असेल तर पंप फिरविणारा पट्टा सैल झाला आहे किंवा झिजून गुळगुळीत झाला आहे. पट्टा ताणणे वा बदलणे हे घरी होण्याजोगे काम आहे. मात्र इंजिन बंद करून आणि ते निवू देऊन. चाक दोन्ही बाजूंना सारखेच जड असेल तर संशय पट्टा, तेल आणि पंप यांच्यावर घ्यावा. एकाच बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला हलके असेल तर पंप निर्दोष समजावा. दोन्ही वाटांना तेल पुरविणारा तो एकटाच आहे, तो पक्षपात कसा करील? दोष दारे धरणाऱ्या झडपेत किंवा दट्ट्याच्या सीलमध्ये असणार. पाहा, डेव्हिसची मूळ रचना समजली की निदान आपोआप होते. आणखी एक कसोटी आहे. पुढची दोन्ही चाके उचलून, इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवून पाहावे. जमिनीचे ओझे नसतानाही ते अडखळत असेल तर तेलाचा काही संबंध नाही. सांधे किंवा चाकाखालच्या दांड्याचे जोड गंजले आहेत.

गळती शोधताना सर्वांत फसवी जागा म्हणजे डब्यातून पंपाकडे जाणारी नळी. तिथे पंप तेल ओढून घेत असतो. त्यामुळे नळीला चीर गेली किंवा जोडावरची रबरी कडी कडक झाली तर तेल बाहेर ठिबकण्याऐवजी हवा आत ओढली जाते. जमिनीवर थेंबही नसतो आणि डब्यात मात्र फेस. मित्राच्या गाडीत नेमके हेच निघाले. काही रुपयांची रबरी कडी आणि एक क्लिप बदलली, तेल नवे घातले, आणि सारे यंत्र बदलण्याचा बेत बारगळला. परतीची नळीदेखील कमी दाबाची असते, ती घरी बदलता येते. पंपातून निघणाऱ्या दाबाच्या नळीशी मात्र खेळू नये. चाक पूर्ण वळविले असता तिच्यातील दाब दर चौरस इंचास हजार पौंडांच्याही वर जातो. ती नळी योग्य जातीची आणि यंत्रावर दाबून जोडलेलीच हवी. साध्या पाण्याच्या नळीचा तुकडा लावण्याचा मोह जिवावर बेतू शकतो. रॅकच्या टोकांवरची रबरी चुण्यांची टोपी तेलाने भरलेली आढळली तर आतले सील गेले असे समजून ते काम जाणत्याकडे द्यावे, कारण त्यानंतर चाकांची दिशाही यंत्रावर जुळवून घ्यावी लागते.

तेल बदलण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, मागच्या चाकांना दगड लावावेत, पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये, ही गोष्ट मी वर्गात नियम सांगावा तशी सांगतो. परतीची नळी डब्यापासून सोडवून बाटलीत धरावी, डब्याचे तोंड बुचाने बंद करावे, आणि इंजिन बंद ठेवूनच चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवीत जुने तेल बाहेर काढावे. डब्यात नवे तेल घालीत राहावे, तो कोरडा पडू देऊ नये. बाटलीत स्वच्छ तेल येऊ लागले की नळी जोडावी. मग पुन्हा पंधरा-वीस वेळा चाक सावकाश फिरवावे. डब्यात बुडबुडे येताना दिसतील. ते थांबले की इंजिन सुरू करून तेच करावे. टोकाला चाक चार-पाच सेकंदांपेक्षा अधिक दाबून धरू नये. तिथे तेलाला वाट राहत नाही, दाब शिगेला पोहोचतो आणि तेल तापते. तेल कोणते घालावे हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरचे तेल चालते, काहींना खास तेल लागते. ब्रेकचे तेल मात्र कधीही घालू नये, त्याने या यंत्राची रबरी सीले फुगून निकामी होतात. निघालेले जुने तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी न ओतता गॅरेजवाल्याच्या पिंपात द्यावे.

आणि समजा, हे सारे करूनही एखादे दिवशी पट्टा तुटला तर? चाक जड होते, पण फिरते. चालकाचा हात आणि टायर यांच्यामध्ये लोखंडाचा अखंड दुवा असतो, तो तेलावर अवलंबून नसतो. चाकर आला नाही म्हणून धन्याचे काम अडले नाही. डेव्हिसच्या पिढीतल्या अभियंत्यांनी माणसाला मदत दिली, पण त्याचा हात काढून घेतला नाही. या यंत्राच्या इतिहासातील मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच.

काळ थांबत नाही. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीने आपल्या सर्व्हो या लहान गाडीवर विजेच्या मोटरीवर चालणारे स्टिअरिंग आणले. तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही. तेलाचा पंप इंजिनाबरोबर सदासर्वकाळ फिरतो, विजेची मोटर गरजेपुरतीच चालते, त्यामुळे इंधन वाचते. गळतीचा प्रश्नच उरत नाही. आज आपल्याकडच्या नव्या लहान गाड्यांत हीच पद्धत रूढ आहे. तीही हाताचा लोखंडी दुवा कायम ठेवते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तिच्यावर टीका करण्याचा माझा हेतू नाही. मात्र एक फरक पडला. तेलाचे यंत्र आजारी पडले की कण्हते, ठिबकते, फेसाळते. डोळे, कान आणि नाक असलेल्या कोणालाही ते आपले दुखणे सांगते. विजेचे यंत्र समोरच्या फलकावर एक दिवा लावते आणि गप्प बसते. त्याची भाषा कंपनीच्या संगणकालाच कळते. सुटा भाग बदलण्याची सोय पुष्कळदा नसते, सबंध जोडणीच बदलावी लागते. मालक गाडीचा धनी राहतो, पण तिचा जाणकार राहत नाही.

याविरुद्ध जगात आवाज उठला आहे. दुरुस्तीची माहिती मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजांना मिळालीच पाहिजे, असा मोटारींबाबतचा कायदा अमेरिकेत प्रथम केला तो मॅसॅच्युसेट्स राज्याने, २०१२ साली मतदारांचा कौल घेऊन. डेव्हिसची वॉल्थममधली कार्यशाळा याच राज्यातली, हा योगायोग मोठा बोलका आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहकांना माहिती देणारे एक व्यासपीठ सुरू केले. हक्क कागदावर येत आहेत, ही चांगली गोष्ट. पण ज्याने कधी पाना हातात धरला नाही त्याला दुरुस्तीचा हक्क मिळून तो करणार काय? हक्क बजावण्यासाठी हात तयार असावे लागतात.

म्हणून ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी अजून आहे त्यांना माझे सांगणे आहे, की ती भंगारात काढण्यापूर्वी एक काम करावे. दिवाळीच्या सुटीत मुलांना, आणि मुलींनाही, बोनेटजवळ उभे करावे. तेलाच्या डब्याचे झाकण त्यांच्या हाताने उघडू द्यावे. ही नळी कुठून आली, कुठे गेली, हे बोट ठेवून शोधू द्यावे. वाफेच्या जहाजापासून अंगणातल्या गाडीपर्यंतचा दीडशे वर्षांचा इतिहास त्या एका नळीत वाहतो आहे. परीक्षेला येणाऱ्या सनावळ्या मुले विसरतात, त्यात त्यांचा दोषही नसतो. पण हाताला लागलेले तेल आणि आपण स्वतः शोधून काढलेली गळती कोणी विसरत नाही, एवढे अनेक वर्षे मुलांमध्ये वावरल्यानंतर मी खात्रीने सांगू शकतो.